हात सोडण्याआधी

वरळीच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि आजच्या ना. म. जोशी मार्गावर मिळून २०७ चाळी उभ्या केल्या. त्यांतल्या १२१ एकट्या वरळीत. मधून लांबलचक पॅसेज, दोन्हीकडे खोल्या, मजल्याला वीस, चाळीला ऐंशी. इथं विमान बांधायला जागा नाही. पण घरी विमान बांधणाऱ्याला जे काम सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात धीराने करावं लागतं, ते शिकायला एक टेबल पुरतं. ते काम म्हणजे ऑटोपायलट निवडणं, बसवणं आणि विमानाच्या स्वभावाशी जुळवून घेणं.

मुंबईला हा विषय परका नाही. याच शहरात एका माणसाने गच्चीवर विमान बांधलं आणि ते आकाशात नेलं.

चारकोपची गच्ची

कॅप्टन अमोल यादव जेट एअरवेजमध्ये टर्बोप्रॉप विमानं चालवत. कांदिवलीच्या चारकोपमध्ये, आपल्या कुटुंबाच्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधायला घेतलं. इमारतीला लिफ्ट नव्हती. यंत्रसामग्री जिन्याने वर गेली, आणि तयार झालेलं विमान सुटं करून खाली उतरवावं लागलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात लोकांनी ते पाहिलं. पुढचा प्रवास कागदांचा होता. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये. विमानाच्या अंगावर व्हीटी-एनएमडी ही अक्षरं आली. उड्डाणाचा परवाना ऑक्टोबर २०१९ मध्ये हाती पडला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर टीएसी-००३ नावाच्या या विमानाची चाचणी झाली.

प्रदर्शनात उभ्या असलेल्या विमानाला हात लावून पाहणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या लक्षात येतं, की विमान बांधून झालं तरी ते तयार झालेलं नसतं. नव्या विमानाचे पहिले तास हे त्याला ओळखण्याचे तास. किती वेगाला ते हवेत तरंगणं सोडतं, कोणता पंख जड आहे, गॅस कमी केला की नाक किती खाली जातं, हे सगळं वैमानिकाच्या तळहाताला कळावं लागतं. ही ओळख पटेपर्यंत ऑटोपायलटचं बटण दाबायचं नाही, हा घरी विमान बांधणाऱ्यांचा जगभरचा नेम आहे. हाताने सरळ न जाणारं विमान यंत्राच्या हाती दिलं तर दोष दिसेनासा होतो, नाहीसा होत नाही.

मग ऑटोपायलट हवाच कशाला? कारण एकट्या वैमानिकाला दोनच हात असतात. नकाशा बघायचा, रेडिओवर बोलायचं, इंधनाची टाकी बदलायची, हवामान विचारायचं, आणि हे सगळं करताना पंख सरळ ठेवायचे. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९५४ साली एक प्रयोग झाला. उपकरणांवर विमान चालवण्याचं शिक्षण न झालेल्या २० विद्यार्थी वैमानिकांना ढगात शिरल्यासारख्या स्थितीत ठेवलं. वीसच्या वीस जणांच्या हातून विमान सुटलं. सरासरी वेळ निघाला १७८ सेकंद. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळी ढग किती झपाट्याने दाटतात हे आपण घाटात उभं राहून पाहिलेलं असतं. त्या ढगात चुकून शिरलेल्या माणसाला, पंख सरळ धरून त्याला आल्या वाटेने मागे वळवणारं यंत्र हे जीव वाचवणारं साधन आहे.

हाताची नक्कल

ऑटोपायलट विमानाइतकाच जुना म्हणावा असा आहे. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला अकरा वर्षंही झाली नव्हती, तेव्हा, जून १९१४ मध्ये, पॅरिसजवळ सीन नदीवर लॉरेन्स स्पेरी या तरुणाने आपलं कर्टिस बनावटीचं उडतं जहाज परीक्षकांसमोरून नेलं, आणि दोन्ही हात वर करून उभा राहिला. त्याचा साथीदार एमिल काशँ पंखावर चालत गेला. एका बाजूला वजन गेलं तरी विमान कललं नाही. आत फिरणाऱ्या जायरोंनी, म्हणजे आपला अक्ष न सोडणाऱ्या भोवऱ्यांनी, पंख जागेवर आणले. १९३३ साली वायली पोस्ट एकटा पृथ्वीप्रदक्षिणा करून आला तेव्हा त्याच्या 'विनी मे' विमानात स्पेरी कंपनीचाच ऑटोपायलट होता. त्याच्या आदल्या वर्षी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले. त्यांच्या पस मॉथमध्ये असं कोणतंही यंत्र नव्हतं. सगळी वाट त्यांनी हाताने काढली.

जायरोने विमान किती कललं ते कळतं. किती आणि केव्हा दुरुस्ती करायची, याचं गणित वेगळं. ते मांडलं निकोलस मिनोर्स्की यांनी, १९२२ साली, आणि विमानासाठी नव्हे तर जहाजासाठी. मुरलेला सुकाणूवाला काय करतो, याचा त्यांनी अभ्यास केला. तो तीन गोष्टी पाहतो. जहाज आत्ता वाटेपासून किती ढळलंय; किती वेगाने ढळतंय; आणि किती वेळ ढळलेलंच राहिलंय. पहिल्या गोष्टीनुसार तो चाक फिरवतो. दुसरीनुसार, जहाज परतू लागलं की वेळीच चाक उलट घेतो. तिसरीनुसार, सतत एका बाजूने वारा रेटत असेल तर चाक जरासं त्या बाजूला धरूनच ठेवतो. आज टॅबलेटएवढ्या पडद्यामागे बसलेला कोणताही ऑटोपायलट हेच तीन प्रश्न सेकंदाला अनेकदा विचारतो. प्रत्येक प्रश्नाच्या उत्तराला किती वजन द्यायचं, त्या आकड्याला 'गेन' म्हणतात. ट्यूनिंग म्हणजे हे आकडे ठरवणं.

गिरणगावाला हे गणित आधीपासून ठाऊक होतं. गिरण्यांच्या वाफेच्या इंजिनावर गव्हर्नर असायचा. दोन जड गोळे फिरायचे, वेग वाढला की बाहेर फाकायचे आणि वाफेची झडप आवळायचे. गव्हर्नर फार तिखट लावला की इंजिन स्थिर राहत नसे. वेग वाढायचा, पडायचा, पुन्हा वाढायचा. याला 'हंटिंग' म्हणतात. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ साली गव्हर्नरवर जो निबंध लिहिला, तो याच खोडीवर होता, आणि तिथून नियंत्रणशास्त्राची सुरुवात मानली जाते. ऑटोपायलटवाले आजही तोच शब्द वापरतात: विमान उंचीभोवती 'हंट' करतंय.

निवडताना

प्रवासी विमानाला किंवा कारखान्यात बनलेल्या प्रमाणित विमानाला ऑटोपायलट बसवायचा तर त्या विशिष्ट जोडीला मंजुरी लागते. त्या चाचण्यांचा आणि कागदांचा खर्च किमतीत येतो. अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानांना यातून सूट मिळाली आणि तिथं या यंत्रांची मोठी बाजारपेठ वाढली. डायनॉन, गार्मिन, ट्रायो आणि ट्रूट्रॅक ही त्यातली जाणती नावं. ट्रूट्रॅकमागचे जिम यंकिन यांनी त्याआधी कारखान्यातल्या विमानांसाठीही ऑटोपायलट घडवले होते, आणि जुन्या शर्यतीच्या विमानांच्या प्रतिकृती स्वतःच्या हाताने बांधल्या होत्या. पुढे ही कंपनी बेंडिक्सकिंगने घेतली.

निवड करताना बहुतेकजण पडदा पाहतात. पाहायला हवा तो सर्वो. दांड्याला जोडलेली, कंट्रोल हलवणारी मोटर म्हणजे सर्वो. एक पंखांवरच्या एलेरॉनला, एक नाक वरखाली करणाऱ्या एलिव्हेटरला, आणि हवा असेल तर तिसरा शेपटीच्या रडरला. तिथं तीन प्रश्न विचारावेत.

पहिला, जोर किती. डायनॉनच्या सर्वोंची नावं एसव्ही ३२, ४२, ५२ अशी आहेत. आकडा चढतो तसा जोर चढतो. जोर कमी पडला तर खडबडीत हवेत सर्वो घसरेल. जास्त झाला तर तो बिघडल्यावर वैमानिकाला आवरता येणार नाही. सर्वो नेहमी एवढाच ताकदवान असावा, की माणसाने मनात आणलं तर त्याला एका हाताने हरवता यावं.

दुसरा, बंद असताना तो काय करतो. काही सर्वोंमध्ये मोटर कंट्रोलला कायमची जोडलेली असते, त्यामुळे हाताने चालवताना तिचं घर्षण हातातल्या स्टिकवर जाणवतं. गार्मिनच्या जीएसए २८ मध्ये क्लच आहे. वीज गेली की मोटर सुटी होते. नाजूक हाताच्या विमानाला हा फरक मोठा.

तिसरा, त्याला कोण सांगतं. विमानाचा कल सांगणारा संवेदक एकच असेल आणि त्यानेच खोटं सांगितलं, तर ऑटोपायलट ते खोटं मोठ्या निष्ठेने पाळील. याची किंमत मुंबईने पाहिली आहे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचं 'एम्परर अशोक' हे बोइंग ७४७ सांताक्रूझहून दुबईला निघालं. उजवीकडे वळून सरळ होताना कॅप्टनसमोरचं कल दाखवणारं उपकरण अडकलं. विमान सरळ असताना ते उजवीकडे कललेलं दाखवत राहिलं. बाहेर अंधारा समुद्र, क्षितिज नाही. कॅप्टन उपकरणावर विश्वास ठेवून डावीकडे वळवत गेले आणि विमान वांद्र्याच्या समुद्रात कोसळलं. २१३ माणसं गेली. तिथं चूक झाली ती माणसाच्या हातून, पण चुकीच्या आकड्यावर चालणारं यंत्र याहून वेगळं काही करणार नाही. म्हणून घरी बांधलेल्या विमानातही कल सांगणारे दोन संवेदक हवेत, स्वतंत्र विजेवर, आणि दोघांत मतभेद झाला तर पडद्याने ओरडून सांगायला हवं.

टेबलावर

आमच्या चाळीतले एक काका विमानदुरुस्तीच्या हँगरमधून निवृत्त झाले. त्यांच्या खोलीत, गादीच्या घड्या कोपऱ्यात लोटून, एका फळीवर त्यांनी मला ही जोडणी दाखवली: बारा व्होल्टची बॅटरी, सर्वो, त्याचा दांडा, एक पुशरॉड, आणि एलिव्हेटरच्या जागी बिजागरीवर बसवलेला प्लायवूडचा तुकडा. टोकाला भाजीवाल्याकडे असतो तसा स्प्रिंगचा काटा.

"अरे, जोर मागनं बघू. आधी प्ले बघ," ते म्हणाले. त्यांनी सर्वोचा दांडा धरून ठेवला आणि मला फळी हलवायला सांगितली. रॉडच्या टोकाच्या बेअरिंगमध्ये किंचित खुळखुळ होती, नखाच्या जाडीएवढी. डोळ्याला दिसली नसती, बोटाला लागली. "एवढ्याने विमान डोलतं. सर्वो हलतो, कंट्रोल हलत नाही. मग तो जास्त हलतो, तोवर कंट्रोल येतो अंगावर. मग पाहिजे तेवढे गेन फिरव, काही उपयोग नाही."

मग त्यांनी बेअरिंग बदललं आणि दांडा हळूहळू टोकाला नेला. एका बिंदूला दांडा आणि पुशरॉड एका रेषेत आले. "आता फळी ढकल." मी ढकलली. हलली नाही. दोन्ही हातांनी रेटली तरी हलली नाही. दांडा त्या रेषेच्या पलीकडे गेला तर कंट्रोल तिथंच अडकतो, आणि सर्वोची वीज तोडली तरी सुटत नाही. आकाशात हे झालं तर नाक वर किंवा खाली अडकलेलं विमान हाती उरतं. म्हणून दांड्याच्या दोन्ही बाजूंना पक्के अडथळे बसवायचे, आणि विमानाच्या मूळ कंट्रोलचे अडथळे त्याआधी लागतील असं मोजून घ्यायचं. काकांनी फळीला दोन बोल्ट मारले, दांडा पुन्हा टोकाला नेला आणि म्हणाले, "हे बोल्ट कुणाला दिसत नाहीत. पण पहिल्यांदा हेच बघायचे."

शेवटी काटा. सर्वो चालू करून त्यांनी फळी काट्याने ओढली, सर्वो किती ओढीला घसरतो तो आकडा वहीत लिहिला, आणि तीनदा ओढून तोच येतो का ते पाहिलं.

हवेत

विमानात ट्यूनिंग सुरू होतं ते जमिनीवरच. ऑटोपायलट लावायचा, दिशा डावीकडे फिरवायची आणि स्टिक डावीकडे जाते ना ते पाहायचं. तारा उलट जोडल्या गेल्या असतील तर ते इथंच कळलं पाहिजे. मग स्टिक विरुद्ध ओढून सर्वोला हरवून पाहायचं. मग अंगठ्याखालचं, ऑटोपायलट तोडण्याचं बटण. ही तीन कामं पहिल्या दिवशीच नव्हे, दर उड्डाणाआधी करायची असतात.

मग उड्डाण: पहाटेची शांत हवा, पुरेशी उंची, शेजारी जाणता माणूस, आणि आधी हाताने ट्रिम केलेलं, म्हणजे स्टिक न धरता सरळ जाईल असं जुळवलेलं विमान. ट्रिमवर जोर द्यायचं कारण असं, की विमान नाक-जड असताना ऑटोपायलट लावला तर तो निमूटपणे ते वजन उचलून धरतो. वैमानिकाला काही जाणवत नाही. अर्ध्या तासाने बटण दाबून तो तोडला की ते सगळं वजन एकदम स्टिकवर येतं आणि नाक खाली जातं.

आधी फक्त पंख. गेन कमी ठेवून सुरुवात करायची. दिशा वीस-तीस अंशांनी बदलून विमान कसं वळतं ते पाहायचं. रमतगमत वळलं, दिशेच्या पुढे जाऊन सावकाश परत आलं, तर गेन कमी आहे. एकेक पायरी वाढवत न्यायचं. एका टप्प्यावर स्टिक बारीक थरथरू लागते, ती हद्द. तिथून मागे यायचं. झिगलर आणि निकोल्स यांनी १९४२ साली कारखान्यांतल्या नियंत्रकांसाठी हाच मार्ग आखून दिला होता: प्रणाली सारखी हेलकावू लागेपर्यंत गेन वाढवा, मग तो निम्म्याच्या आसपास आणा. विमान त्या टोकापर्यंत कुणी नेत नाही, पण दिशा तीच.

पंख जमले की नाक. उंची धरून ठेवायची, मग ५०० फूट वर चढायला सांगायचं, तिथं थांबताना किती पुढे जातं ते पाहायचं. इथं बऱ्याच जणांना एक मंद हेलकावा भेटतो: विमान पाच-दहा सेकंदांत थोडं वर, थोडं खाली, न थांबता. गेन कमी केला तरी जात नाही, वाढवला तरी जात नाही. अशा वेळी आकडे सोडून हत्यारं हातात घ्यायची. कंट्रोलच्या केबलमध्ये घर्षण असेल, बेअरिंगमध्ये प्ले असेल, किंवा उंची मोजणाऱ्या हवेच्या नळीत गळती असेल. यातलं एकही दुखणं सॉफ्टवेअरने बरं होत नाही.

मग वेग. कंट्रोलवर हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. उतरताना ८० नॉट आणि प्रवासात १६० नॉट असा वेग असेल, तर दुप्पट वेगाला एलेरॉनचं एक अंश हलणं चौपट परिणाम करतं. ८० ला गोडीने चालणारा गेन १६० ला तिखट लागतो. चांगले ऑटोपायलट वेगानुसार स्वतःच गेन उतरवतात, पण किती उतरवायचा हे विमानागणिक वेगळं. म्हणून तीच चाचणी तीन वेगांना, रिकाम्या आणि भरलेल्या विमानात, शांत आणि उसळत्या हवेत करायची. एका वेळी एकच आकडा बदलायचा आणि प्रत्येक आकडा वहीत लिहायचा. दोन आकडे एकदम बदलले की सुधारणा कशाने झाली ते कायमचं हरवतं.

व्हॉयेजरचा दाखला

या सगळ्याला छेद देणारं वाटावं असं एक उदाहरण आहे. बर्ट रुटान यांच्या आरेखनाचं, हाताने बांधलेलं 'व्हॉयेजर' विमान डिसेंबर १९८६ मध्ये डिक रुटान आणि जीना येगर यांनी कुठेही न थांबता, वाटेत इंधन न घेता, पृथ्वीभोवती नेलं. ९ दिवस, ३ मिनिटं, ४४ सेकंद. इंधनाने भरलेलं असताना त्या विमानाचे लांब पंख वाकायचे आणि नाक वरखाली हिंदकळू लागायचं. हाताने ते आवरणं दमवून टाकणारं होतं, त्यामुळे ऑटोपायलट ही तिथं गरज होती. मग दोष झाकणारं यंत्र चालतं तर?

मला यातून उलट धडा दिसतो. त्या दोघांनी विमानाचा दोष मोजला होता. किती वजनाला, किती वेगाला ते हिंदकळतं हे त्यांना माहीत होतं, आणि यंत्र थांबलं तर हाताने काय करायचं ते त्यांनी शिकून घेतलं होतं. त्यांनी ऑटोपायलटवर भिस्त ठेवली ती विमान ओळखून. ओळखून ठेवलेली भिस्त आणि न बघता टाकलेला भार, यात जीव आणि मृत्यूचं अंतर आहे.

आपल्याकडचं काम

भारतात घरी विमान बांधणारे मूठभर आहेत. पण ऑटोपायलट बांधणारे आता मूठभर राहिलेले नाहीत. पवईच्या आयआयटीतून निघालेल्या तरुणांनी २००७ साली आयडियाफोर्ज सुरू केली, आणि डीआरडीओबरोबर 'नेत्र' हे मानवरहित विमान केलं. चार पंख्यांचं असं यंत्र ऑटोपायलटशिवाय हवेत राहूच शकत नाही. ड्रोनसाठीचा 'आर्डूपायलट' हा प्रकल्प तर खुला आहे. त्याची प्रत्येक ओळ कुणालाही वाचता येते, मिनोर्स्कीचे तीन प्रश्न त्यात जसेच्या तसे सापडतात. माणूस बसणाऱ्या विमानासाठी तो बनलेला नाही आणि तिथं तो लावू नये, पण शिकण्यासाठी त्याहून चांगलं पुस्तक नाही.

आज माटुंग्यात असलेली व्हीजेटीआय ही संस्था १८८७ सालची आहे. आयटीआय आणि तंत्रनिकेतनं गावोगाव आहेत. तिथं एकेका बाकावर सर्वो, पुशरॉड, अडथळ्याचे बोल्ट आणि स्प्रिंगचा काटा मांडला, तर त्याचा खर्च एका चांगल्या मोटारसायकलीएवढाही होणार नाही. त्यावर शिकलेल्या मुलामुलींना गेन म्हणजे काय हे सूत्रातून नव्हे, बोटातून कळेल. आणि पुढच्या कुणा यादवांचं विमान गच्चीवरून खाली उतरेल तेव्हा त्याच्या शेजारी बसून, वहीत आकडे लिहायला, जाणती माणसं मिळतील. चारकोपच्या गच्चीवर एकट्या कुटुंबाने जे ओझं वाहिलं, ते दर वेळी एकट्यानेच वाहावं असा काही नियम नाही.

ज्याला ऑटोपायलट घ्यायचाय, त्याने आधी आपलं विमान हाताने तासभर सरळ नेऊन पाहावं. स्टिकवर बोट न ठेवता ते किती वेळ सरळ राहतं ते मोजावं. जड पंख, ढिलं बेअरिंग, गळकी नळी, जे सापडेल ते दुरुस्त करावं. एवढं झाल्यावर जो ऑटोपायलट तो बसवील, तो साधा आणि स्वस्त असला तरी उत्तम चालेल. एवढं न करता बसवलेला सगळ्यात महागडा ऑटोपायलटही त्याला दगा देईल, तोही नेमका ज्या दिवशी ढग दाटून येतील त्या दिवशी.